वैद्यकीय नोंद, सतत शिक्षण आणि संगणक : एक स्वानुभवाधिष्ठित विचार

प्रस्तावना

चिकित्सालयात किंवा औषधालयात नवे काही स्वीकारावे की नाही, हा प्रश्न वैद्यवर्गात निघाला की दोन मते हमखास पुढे येतात. काहींच्या मते संहितांत सर्व काही आहे, मग संगणकाची आवश्यकता ती काय? काहींना वाटते की संगणक विकत घेतला म्हणजे चिकित्सालय आपोआप आधुनिक झाले. आम्हांस ही दोन्ही मते अपुरी वाटतात. त्यामागे आमचा स्वतःचा एक अनुभव आहे. तो सांगण्यास संकोच वाटतो. तथापि व्यवसायबंधूंच्या उपयोगी पडावा म्हणून तो येथे नमूद करीत आहोत.

एक चूक

अर्शाच्या तक्रारीसाठी आमच्याकडे उपचार घेतलेला एक रुग्ण सुमारे तीन वर्षांनी ज्वर व अजीर्ण घेऊन पुन्हा आला. त्या दिवशी गर्दी होती. लक्षणे पाहून आम्ही संजीवनी वटी लिहून दिली. दुसऱ्या दिवशी रुग्ण परतला तो सर्वांगावर कंडू, पुरळ आणि चेहऱ्यावर शोथ घेऊन. औषध तत्काळ थांबवून योग्य उपचार केले आणि काही दिवसांत त्यास आराम पडला. नंतर जुन्या वह्या चाळल्या. तीन वर्षांपूर्वीच्या वहीत आमच्याच हस्ताक्षरात लिहिलेले सापडले : ‘बिब्बा सोसत नाही.’

संजीवनी वटीत भल्लातक आहे, हे आम्हांस ठाऊक होते. रुग्णास भल्लातक असात्म्य आहे, हेही एकदा ठाऊक झाले होते. परंतु या दोन गोष्टींची योग्य वेळी गाठ पडली नाही. ज्ञान होते, नोंदही होती. ती माळ्यावरच्या वहीत होती.

परंपरेची साक्ष

नवे स्वीकारणे आपल्या परंपरेस परके नाही. अग्निवेशतंत्राचा चरकाने प्रतिसंस्कार केला आणि कालांतराने दृढबलाने त्यातील न्यून भाग पूर्ण केला. सोळाव्या शतकातील भावमिश्राने त्या काळी नव्याने आलेल्या फिरंग रोगाचे वर्णन करून त्यावर चोपचिनीचा उपयोग सांगितला. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात तद्विद्यसंभाषेचे विवेचन आहे. जाणकारांनी एकत्र बसून चर्चा केल्यास ज्ञान वाढते व संशय फिटतात, हा त्याचा आशय. संस्थेने सतत शिकत राहावे असे आज म्हटले जाते, त्याचे मूळ आपल्याकडे असे जुने आहे.

नोंदीचे सामर्थ्य किती मोठे असते, हे हळदीच्या प्रकरणाने साऱ्या देशास दाखविले. जखम भरून आणण्यासाठी हळदीच्या वापरावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिले गेले. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने लिखित संदर्भ सादर करून त्यास आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. घरोघरी हळद लावली जाते, एवढे सांगून भागले नाही; लिखित पुरावा द्यावा लागला. या अनुभवानंतर २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाच्या अंकीय ग्रंथालयाचे काम सुरू झाले. त्यात ग्रंथोक्त योगांची माहिती इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, जपानी व स्पॅनिश या भाषांतून पेटंट परीक्षकांस उपलब्ध केली जाते.

आम्ही काय केले

वरील घटनेनंतर आम्ही एक साधा संगणक घेतला. प्रत्येक रुग्णास कायमचा क्रमांक दिला. नोंदपत्राच्या अगदी वर ‘असात्म्य द्रव्ये’ असा रकाना ठेवला आणि तो भरल्याशिवाय पुढे जायचे नाही असा नियम केला. औषधालयातील प्रत्येक कल्पाचे घटक त्यात भरले.

येथे एक शिकण्याजोगी गोष्ट घडली. आमच्याकडे अनेक वर्षे औषधे देणारे ज्येष्ठ मदतनीस संगणकाच्या विरोधात होते. ‘हे यंत्र आमची जागा घेणार’ अशी त्यांची समजूत. परंतु यादी तपासताना त्यांनीच विचारले, “डॉक्टर, वहीत तुम्ही बिब्बा लिहिता, डब्यावर भल्लातक असते, ग्रंथात अरुष्करही येते. यंत्राला हे तिन्ही एकच आहेत हे कोण सांगणार?” आमच्या ध्यानात जे आले नव्हते ते त्यांच्या आले. त्यानंतर प्रत्येक द्रव्याचे पर्याय एकत्र जोडण्याचे काम त्यांच्याकडेच सोपविले. विरोध मावळला तो आमच्या उपदेशाने नव्हे, त्यांच्या ज्ञानास स्थान मिळाले म्हणून.

हाच प्रश्न राष्ट्रीय पातळीवरही होता. आयुष मंत्रालयाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘नमस्ते’ पोर्टलवर व्याधींच्या संज्ञा व त्यांचे संकेतांक प्रमाणित करण्यात आले. जानेवारी २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांतील व्याधींचा विभाग प्रसृत झाला. आमवात हा शब्द प्रत्येकाने निराळ्या अर्थाने लिहिला, तर हजारो नोंदींतूनही निष्कर्ष निघणार नाही.

औषधालय चालकांसाठी

औषधालयात पुढील बाबी कटाक्षाने पाळाव्यात :

१) प्रत्येक औषधाचा बॅच क्रमांक खरेदीच्या व विक्रीच्या अशा दोन्ही वेळी नोंदवावा. तक्रार आल्यास तो माल कोणाकोणाकडे गेला, हे काही मिनिटांत कळावे.

२) वापराची मुदत कल्पनेनुसार निराळी असते. नियम १६१-ब प्रमाणे चूर्णास २ वर्षे, गुग्गुळ कल्पांस ५ वर्षे, तर आसवारिष्टांस १० वर्षे. मुदत संपण्यापूर्वी सूचना मिळेल अशी सोय करावी.

३) भल्लातक, वत्सनाभ, कुपीलू आदी अनुसूची ई-१ मधील द्रव्ये असलेल्या कल्पांस संगणकात वेगळी खूण करावी.

४) अनिष्ट परिणाम आढळल्यास तो लपवू नये. २०१८ पासून आयुष औषधांसाठी दक्षता कार्यक्रम सुरू आहे. त्याच्या केंद्राकडे तो कळवावा.

मर्यादा

संगणक नाडी पाहत नाही, प्रकृतिपरीक्षण करीत नाही. चुकीचे भरले तर चुकीचेच दाखवितो. नोंदींची दुसरी प्रत दररोज निराळ्या ठिकाणी ठेवावी. रुग्णाची माहिती ही त्याची ठेव आहे; ती वाटेल त्यास दाखवू नये. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये कायदाही झाला आहे. आरंभी कामास वेळ अधिक लागतो, हेही मान्य केले पाहिजे. आम्हांस जुन्या वह्या भरून काढण्यास सात महिने लागले.

उपसंहार

आमच्याकडे आता दर गुरुवारी दुपारी तासभर संभाषा होते. आठवड्यातील एक फसलेली चिकित्सा आणि एक चुकता चुकता राहिलेली गोष्ट तीत मांडली जाते. मदतनीस, परिचारिका व वैद्य एकाच चटईवर बसतात आणि कोणासही दोष दिला जात नाही. पहिली मांडलेली चूक आमची स्वतःची होती. प्रमुखाने आपली चूक प्रथम सांगितल्याखेरीज इतर कोणी बोलत नाही, हे आम्हांस तेथे समजले.

वाचक वैद्यबंधूभगिनींस विनंती एवढीच की, मोठ्या यंत्रणेची वाट पाहू नये. उद्याच्या पहिल्या रुग्णाच्या नोंदपत्रावर सर्वांत वर ‘काय सोसत नाही?’ हा प्रश्न लिहावा आणि तेथून आरंभ करावा.