रसवैद्याची बाटली
(द्वितीय वर्ष, कला)

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी 1974 मध्ये प्रसिद्ध केला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण प्रसंग सांगतो, बाकीचे एकेक पात्र होऊन बोलतात, आणि यश-अपयश फासे ठरवितात. प्रत्येक पात्राला ‘क्लास’ असतो. क्लास म्हणजे आपला तासाचा वर्ग नव्हे, पात्राचा पेशा. आरंभी योद्धा, जादूगार व पुरोहित असे तीनच पेशे होते. पुढे पुष्कळ वाढले. जे पुस्तकात नाहीत ते खेळणारेच घडवू लागले. 2014 च्या नियमांचा मोठा भाग जानेवारी 2023 मध्ये सर्वांना मोफत खुला झाला, म्हणून वसतिगृहातल्या आमच्या मंडळींनाही ते जमले.

मी घडविला तो औषधी रसायने करणारा रसवैद्य. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. सुट्टीत हा तक्ता पाहून वडील म्हणाले, “हेच शिकायला पाठवलं का तुला?” तेव्हा उत्तर सुचले नाही.

माझा पहिला नियम साधा होता : रसवैद्याने रोज सकाळी चार बाटल्या कराव्यात, कोणीही प्याव्यात. पुस्तकातले जखम भरणारे रसायन चार बाजूंचे दोन फासे अधिक 2, म्हणजे सरासरी 7 हिट पॉइंट परत देते. चार बाटल्यांचे 28 झाले. आता पुरोहिताचे पाहा. पहिल्या पातळीवर त्याला दिवसाला दोनच मंत्र टाकता येतात. एका मंत्राने आठ बाजूंचा एक फासा अधिक साधारण 3, म्हणजे साडेसात. दोन्ही मिळून 15. हे गणित मी आधी केले नाही. पुरोहित झालेला माझा खोलीतला मित्र त्या रात्री तीन तास फासे हातात घेऊन बसला होता. जखमी झालेला प्रत्येक जण माझ्याकडे हात पुढे करी. पुढच्या रविवारी मित्राने अभ्यासाचे कारण सांगितले.

दुसरी चूक पैशाची. पुस्तकात या बाटलीची किंमत 50 सुवर्णनाणी, आणि कुशल कारागिराची रोजची मजुरी 2. मग माझा वैद्य रोज 200 नाण्यांचा माल फुकट करू लागला, तर तो गुहेत राक्षसांशी लढायला जाईलच कशाला? यावर उपाय सोपा निघाला : बाटली दुसऱ्या पहाटे निकामी व्हावी.

खरा पेच मात्र वेगळाच होता. मंत्र टाकणाराच टाकतो. बाटली दुसऱ्याच्या हाती देता येते. सकाळी वाटप झाले की वैद्याचे काम संपले! नामांकित लेखकांनाही या प्रश्नाने अडविलेले दिसते. ‘पाथफाइंडर’ या दुसऱ्या खेळातील 2010 च्या किमयागाराचे अर्क त्याच्या हातून सुटताच निष्प्रभ होतात. ते दुसऱ्याला देण्यासाठी वेगळी विद्या शिकावी लागते. त्याला फेकायला स्फोटकेही दिली आहेत. ‘डंजन्स’मधील 2019 च्या किमयागाराला रोज एक रसायन फुकट मिळते, पण ते कोणते हे सहा बाजूंचा फासा सांगतो. पहिली युक्ती मला कंजूष वाटते. दुसरी गमतीची आहे; पण ज्याला आपण काय शिजवीत आहोत हे ठाऊक नाही, त्याला वैद्य कसे म्हणावे?

शेवटी मी चार बाटल्यांच्या दोन केल्या आणि त्यांतून जखम भरण्याचा गुणच काढून टाकला. आता बाटली अपुरी असते. ऐन लढाईत वैद्याने जखमी साथीदाराशेजारी जाऊन शेवटचा थेंब घालायचा. ते प्यालेल्यावर पुरोहिताने मंत्र टाकला, तर त्याने फासा दोनदा टाकून मोठा आकडा घ्यायचा. आठ बाजूंच्या फाशाची सरासरी साडेचार. अशा रीतीने ती सुमारे 5.8 होते. वाढ थोडी आहे, पण फासे पुरोहिताच्याच हातात राहतात.

तक्ता मी मित्राच्या उशीखाली ठेवला. दोन दिवसांनी तो परत मिळाला तेव्हा समासात पेन्सिलीने प्रश्न होता : “पुरोहितच बेशुद्ध पडला तर?” याचे उत्तर अजून माझ्याजवळ नाही. रविवारी तो खेळायला आला. पहिल्याच लढाईत त्याने फासा दोनदा टाकला. 2 पडले आणि 7 पडले.