फेट्याचं भाडं वेगळं

थीम रिसॉर्टबद्दलची पत्रं बरीच साठली होती. त्यातली काही या वेळी एकत्र घेतली आहेत. दोन पत्रलेखकांनी 'हो की नाही, एका शब्दात सांगा' असा आग्रह धरला आहे. तो मला पुरवता येणार नाही.

प्रश्न : आमचा मुलगा फ्लोरिडात, ऑरलँडोजवळ राहतो. नातू 'स्टार वॉर्स'चा वेडा. २०२२ मध्ये आम्ही दोघं तिकडे गेलो, तेव्हा डिस्नेनं अंतराळयानासारखं हॉटेल नुकतंच उघडलं होतं. सुनेनं चौकशी केली. आकडा ऐकून यांनी कपाळाला हात लावला आणि बेत तिथेच संपला. आता ते हॉटेल बंद झालंय आणि नातू म्हणतो, 'आजोबांमुळे माझं राहिलं.' यांचं चुकलं का? आणि एवढ्या मोठ्या कंपनीचं हॉटेल असं बंद कसं पडतं? (एक आजी, डोंबिवली)

उत्तर : आजोबांचा निर्णय बरोबर होता, पण हिशेब चुकीच्या पद्धतीनं केलेला असावा.

त्या हॉटेलचं नाव 'गॅलॅक्टिक स्टारक्रूझर'. १ मार्च २०२२ ला ते उघडलं आणि सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस शेवटचे पाहुणे बाहेर पडले. खोल्या शंभर. मुक्काम ठरलेला, दोन रात्रींचा. एक रात्र कमी नाही की जास्त नाही. सुरुवातीला जाहीर झालेले दर असे होते : दोघांना ४,८०९ डॉलर, तीन मोठे आणि एक मूल अशा चौघांना ५,९९९ डॉलर. तेव्हाच्या विनिमय दरानं चौघांचे साडेचार लाख रुपये. तुम्ही पाच जण, म्हणजे त्याहून वर. जेवणखाण त्यात धरलेलं, जवळच्या डिस्ने हॉलीवूड स्टुडिओज या पार्कचं तिकीटही त्यात. दारू आणि अंगावर चढवायचे झगे मात्र ज्याचे त्यानं.

मिळायचं काय? तुम्ही 'हॅल्सियन' नावाच्या यानातले प्रवासी. आल्या आल्या एका छोट्या बंद कक्षात बसवून तुम्हाला 'वर' यानात नेत. खोलीला खरी खिडकी नव्हती. खिडकीच्या जागी पडदा आणि त्यावर सरकणारे तारे. कप्तान, गायिका, शत्रुपक्षाचा अधिकारी, यंत्रमानव अशी पात्रं दोन दिवस तुमच्यात वावरत आणि तुम्ही कुणाशी संगनमत करता त्यावर तुमच्यापुरती गोष्ट वळत असे. लाइटसेबर, म्हणजे प्रकाशाची तलवार, चालवायचे धडे, यानाच्या नियंत्रण कक्षात उभं राहून शत्रूवर मारा, रात्री गाण्याच्या मैफिलीसकट जेवण. दुसऱ्या दिवशी पार्कातल्या 'स्टार वॉर्स' विभागात फेरी, आणि तिथेही तीच गोष्ट पुढे चालू.

आता हिशेब. आजोबांनी बहुधा एका रात्रीचा भाव काढला असेल, आपण लॉजचा काढतो तसा. अशा ठिकाणी जाग्या तासाचा भाव काढावा. पहिल्या दिवशी दुपारी एकला आत आणि तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला बाहेर धरलं तर पंचेचाळीस तास होतात. झोपेचे पंधरा वजा करा, राहिले तीस. ५,९९९ ला चारनं भागा, मग तीसनं. माणशी तासाला पन्नास डॉलर, जेवण आणि पार्क धरून. अमेरिकेत बऱ्या नाटकाचं तिकीट काढणाऱ्याला हा भाव ऐकून घेरी येणार नाही. अट एवढीच, की माणूस तीसही तास नाटकात असला पाहिजे.

आणि इथे तुमच्या घरातली पाच माणसं डोळ्यांपुढे आणा. नातू तीस तास खेळला असता. सून दहा-बारा. मुलाचा जीव ऑफिसच्या ईमेलमध्ये. आजोबा पहिल्या जेवणानंतर कप्तानालाच विचारते, 'चहा कुठे मिळेल हो?' पैसे मात्र पाचही जणांचे. यानात पोहण्याचा तलाव नव्हता. ज्याला खेळायचं नाही त्यानं बसायचं कुठे, हा प्रश्न त्या आराखड्यात कुणाला पडलेला दिसत नाही.

जे खेळले त्यांनी मात्र आयुष्यभराची मजा म्हणून सांगितलं, आणि ते मला खोटं वाटत नाही. मनोरंजन उद्यानांच्या क्षेत्रातला थिया पुरस्कारही या हॉटेलला मिळाला. दुसऱ्या बाजूला जेनी निकल्सन या यूट्यूबवरच्या समीक्षकेनं पदरचे पैसे भरून मुक्काम केला आणि मे २०२४ मध्ये तब्बल चार तासांचा व्हिडिओ टाकला. तिची मुख्य तक्रार अशी, की गोष्टीत शिरायचं दार मोबाइलच्या ॲपमधून होतं आणि तिच्या बाबतीत ते दार नीट उघडलंच नाही. रात्रीच्या मैफिलीला तिला खांबाआडची जागा मिळाली, तो भाग तर बघण्यासारखा आहे. दोघांचं म्हणणं एकाच वेळी खरं असू शकतं. शेजारशेजारच्या दोन खोल्यांत, सारख्याच पैशांत, एकाला नाटक मिळालं आणि दुसऱ्याला बिनखिडकीची खोली.

बंद का पडलं, याचं माझं उत्तर असं : साध्या हॉटेलात गिऱ्हाईक कमी झालं की दर उतरवता येतो, मजला बंद ठेवता येतो, माणसं कमी करता येतात. इथे शंभर खोल्यांपैकी चाळीस भरल्या तरी कप्तान, गायिका, खलनायक सगळे लागणारच. नाटकातून निम्मी पात्रं गाळता येत नाहीत. त्यात एकदा गोष्ट कळलेला माणूस तेवढ्याच पैशांत पुन्हा येणं कठीण. म्हणजे दर दोन दिवसांनी नवे, पैसेवाले आणि 'स्टार वॉर्स'वेडे पाहुणे हवेत. तिन्ही गुण असलेली कुटुंबं सुरुवातीच्या महिन्यांत येऊन गेली असणार.

नातवासाठी एक तोडगा आहे. 'गॅलेक्सीज एज' हा 'स्टार वॉर्स'चा विभाग २०१९ पासून त्याच पार्कात आहे आणि पार्कच्या साध्या तिकिटावर बघता येतो. तिथे स्वतःचा लाइटसेबर जुळवून घेता येतो, त्याचे अडीचशे डॉलरच्या आसपास वेगळे पडतात. तेवढे आजोबांच्या खिशातून आले तर हा खटला निकाली निघावा.

प्रश्न : कोकणात 'पेशवाई वाडा' थीमच्या रिसॉर्टला गेलो होतो. रात्रीला १४,००० रुपये आणि वर कर. जाहिरातीत फेटा, पालखी, मंगळागौर, पंगत असं सगळं. प्रत्यक्षात फेटा बांधून फोटो काढला आणि फेटा परत घेतला; हवा असेल तर दिवसाचं भाडं. मंगळागौरीचे खेळ 'किमान वीस जण असतील तरच'. पंगतीत पनीर बटर मसाला. तक्रार केली तर व्यवस्थापक म्हणाले, 'सर, ॲम्बियन्स तर मिळाला ना?' आम्ही फसलो की आमच्याच अपेक्षा जास्त होत्या? (वाचक, कोथरूड)

उत्तर : पनीर बटर मसाल्यापर्यंत मी तटस्थ होतो.

तुम्ही भिंतींचे पैसे भरलेत. कोरीव खांब, तुळशीवृंदावन आणि पितळी दिवे एकदाच विकत घ्यावे लागतात, आणि ते रोज पगार मागत नाहीत. पालखी उचलणारी, खेळ घेणारी, वाढणारी माणसं रोज पगार मागतात. म्हणून आपल्याकडची बहुतेक थीम भिंतीवर असते आणि माणसांपाशी आली की आटते. आरक्षण करताना खोल्यांचे फोटो मागण्याऐवजी तुमच्या तारखेचा कार्यक्रम लेखी मागा, व्हॉट्सॲपवर चालेल. सकाळी किती वाजता काय, कोण घेणार, कमीत कमी किती माणसं हवीत, कशाचे पैसे वेगळे. चार ओळींचं उत्तर यायला दोन दिवस लागले, तर उत्तर मिळालंच म्हणायचं.

कराचं तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. खोलीचा दर रात्रीला ७,५०० रुपयांच्या वर गेला की जीएसटी १८ टक्के. तुमचे १४,००० असे १६,५२० झाले, दोन रात्री राहिला असाल तर ३३,०४०. साडेसात हजार किंवा त्याखालच्या खोलीला सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के आहे. म्हणजे ७,५०० ची खोली करासह ७,८७५ ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. शंभर रुपयांच्या फरकाला हजारावर रुपये जातात. सीमेवरचा दर दिसला तर घासाघीस करायला लाजू नका; मालकालाही हे गणित पाठ असतं.

आणखी एक विचारायचं : मुक्काम न करता हे बघता येतं का? जयपूरचं 'चोखी ढाणी' बघा. १९८९ पासून चालू आहे. तिथे राहायला खोल्या आहेत, पण संध्याकाळच्या गावजत्रेचं जेवणासकट तिकीट वेगळं मिळतं. कठपुतळी, उंटाची फेरी, मांडी घालून राजस्थानी जेवण, सगळं तेवढ्यात उरकतं आणि झोपायला आपल्या साध्या हॉटेलात जाता येतं. आपल्याकडच्या बऱ्याच कृषी पर्यटन केंद्रांवरही दिवसाची सहल निराळी असते. राज्यानं २०२० मध्ये या केंद्रांसाठी धोरण केलं तेव्हापासून ती वाढलीही आहेत. थंडीत हुरडा खायला गेलात तर कणसं शेतातलीच असतात आणि ती भाजणारा माणूस वेशभूषा करून आलेला नसतो.

प्रश्न : मुलगी स्टॉकहोमला असते. या हिवाळ्यात ती आम्हाला बर्फाच्या हॉटेलात न्यायचं म्हणते, तीन रात्री. मी बासष्टची, हे सदुसष्टचे. जावं का? (वाचक, नागपूर)

उत्तर : जा, पण बर्फात एकच रात्र झोपा.

स्वीडनच्या अगदी उत्तरेला, किरुनाजवळच्या युक्कासयार्वी गावात हे 'आइसहोटेल' आहे. टोर्ने नदीच्या बर्फातून दर हिवाळ्यात ते नव्यानं बांधतात आणि वेगवेगळ्या देशांतले कलावंत एकेक खोली कोरतात. खोलीतलं तापमान उणे पाचच्या आसपास. बर्फाच्या पलंगावर रेनडियरची कातडी आणि त्यावर जाड झोपण्याची पिशवी. शौचालय आणि सामानाची खोली शेजारच्या उबदार इमारतीत. रात्री एकदा तरी उठावं लागणाऱ्या वयात हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचावं.

खरी मेख निराळीच आहे. दिवसाचं तिकीट काढून कुणालाही या कोरलेल्या खोल्या बघता येतात. संध्याकाळी बाहेरची माणसं गेली की मगच तुमची खोली तुमची होते. म्हणजे मुक्कामाच्या जादा पैशांत तुम्हाला थंडीत झोपल्याची कहाणी मिळते आणि सकाळी अंथरुणापाशी गरम लिंगनबेरीचा रस. कहाणी एका रात्रीत पूर्ण होते. उरलेल्या दोन रात्री तिथल्याच उबदार खोल्यांत काढा आणि वाचलेल्या पैशांत कुत्र्यांची घसरगाडी करा. हृदयाचा किंवा दम्याचा काही इतिहास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतात. आम्ही तिघं भावंडं मिळून त्यांना डेक्कन ओडिसीत बसवायचं म्हणतोय. बाबा म्हणतात, 'तेवढ्यात घराचा स्लॅब होईल.' आईचे गुडघे दुखतात. काय करावं? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : बाबांचं म्हणणं ऐकू नका, गुडघ्यांचं ऐका.

राजस्थानची 'पॅलेस ऑन व्हील्स' ही आलिशान पर्यटक रेल्वेगाडी १९८२ मध्ये सुरू झाली. त्याच धर्तीवर महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळानं रेल्वेबरोबर २००४ मध्ये डेक्कन ओडिसी काढली. कोविडात थांबली होती, २०२३ मध्ये पुन्हा धावू लागली. सात रात्रींची सफर. या गाडीची थीम राजेशाहीची, पण इथे पाहुण्यांना कुठलंही सोंग घ्यावं लागत नाही. नोकरचाकर नाटक करतात आणि तुम्ही फक्त राजासारखं बसायचं. पंचाहत्तरीच्या माणसांना हीच थीम झेपते. म्हणून दर लाखांत असूनही मी या गाडीला स्टारक्रूझरपेक्षा बरा सौदा म्हणेन, निदान तुमच्या घरापुरता.

अडचणी दोन. गाडी मुख्यतः रात्री धावते आणि दिवसा तुम्हाला बसमधून स्थळं दाखवतात. झोप हलकी असेल तर सात रात्री रुळांचा आवाज सोबतीला. आणि वेरूळ-अजिंठ्याच्या पायऱ्या राजालाही चुकत नाहीत. पायऱ्यांच्या दिवशी आईंनी गाडीतच थांबायचं ठरवलं तर चालतं का, जेवण मिळतं का, हे आरक्षणाआधी विचारून ठेवा.

तिसरी गोष्ट तुमच्यापुरती. महाराष्ट्राच्या सफरीत कोल्हापूर हे एक स्थानक असतं. लाखो रुपये भरून गाडी आईबाबांना कोल्हापूर दाखवायला कोल्हापुरात आणेल, आणि बाबा तिथेच उतरून स्लॅबचं बघायला घरी जातील. दुसरा मार्ग घ्या. गुजरातकडे किंवा राजस्थानकडे जाणाऱ्या सफरी कधी आहेत ते बघा.

प्रश्न : इन्स्टाग्रामवरचे व्हिडिओ बघून रिसॉर्ट ठरवावं का? सगळ्यांना सगळंच आवडलेलं असतं. (विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : फुकट राहिलेल्याला आवडतंच. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं नियमावली काढली. पैसे, वस्तू किंवा मोफत मुक्काम घेऊन शिफारस करणाऱ्यानं ते स्पष्ट आणि ठळक सांगायला हवं. व्हिडिओखाली जाहिरात किंवा भागीदारीचा उल्लेख आहे का, ते आधी शोधा. नसेल तर त्या माणसाचे आधीचे पाच-सहा व्हिडिओ चाळा. दर आठवड्याला नवं महागडं रिसॉर्ट आणि तक्रार एकाचीही नाही, तर बिल दुसरं कुणीतरी भरतंय. गूगलवर तीन तारे दिलेल्यांचं आधी वाचा. पाच तारेवाले खूश असतात, एक तारेवाले भांडलेले असतात. किती वाजता गरम पाणी गेलं आणि कुठला कार्यक्रम झालाच नाही, ते तीनवाले लिहितात.