कागदावरचे अवकाशयान

पावसाळ्यात दारापुढून ओहोळ वाहू लागला की मुले कागदाची होडी करून त्यात सोडतात. घरात चार खुर्च्या एकामागे एक मांडल्या की त्यांची आगगाडी होते. पुढच्या खुर्चीवरचा मुलगा चालक होतो आणि मागची धाकटी भावंडे उतारू होतात. या आगगाडीला कोळसा लागत नाही, की पाणी लागत नाही. "इतक्यात दिल्ली कशी आली?" असे कोणी विचारलेच, तर "आमची गाडी तशीच आहे!" एवढे उत्तर पुरते. लहानपणाला ते शोभतेही. परंतु मुले मोठी होऊ लागली की हे उत्तर त्यांचे त्यांनाच पुरेनासे होते. आपण कल्पिलेली गाडी खरी वाटावी, अशी इच्छा त्यांच्या मनात उत्पन्न होते. आणि खरी वाटावयाची म्हटली की हिशेब आला.

अशा हिशेबी कल्पनेचा एक खेळ १९७७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्याचे नाव 'ट्रॅव्हलर', म्हणजे प्रवासी. मार्क मिलर हे त्याचे कर्ते. चार-पाच जण एकत्र बसून हा खेळ खेळतात. एक जण पंच होतो आणि बाकीचे निरनिराळ्या भूमिका घेतात. कोणी यानाचा चालक होतो, कोणी यंत्रज्ञ, कोणी वैद्य, तर कोणी व्यापारी. दूरच्या भविष्यकाळात ही मंडळी आपले यान घेऊन एका ताऱ्याकडून दुसऱ्या ताऱ्याकडे हिंडत असतात. पंच प्रसंग सांगतो, त्या प्रसंगी काय करावयाचे ते खेळाडू सांगतात, आणि जेथे यशाची शाश्वती नसते तेथे फासे टाकून निर्णय होतो. खेळ सारा बोलण्यावर चालतो. पण यान मात्र नुसते बोलून मिळत नाही. ते कागदावर बांधावे लागते, आणि ते कसे बांधावे याचे नियम पुस्तकात दिलेले असतात.

या खेळात यानातील जागा टनांत मोजतात. एक टन द्रवरूप हायड्रोजन मावेल एवढी जागा म्हणजे एक टन. लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी सुमारे २.४ मीटर असलेली एक लहानशी खोली डोळ्यांपुढे आणली, म्हणजे हे माप ध्यानात येते. खेळाच्या जुन्या पुस्तकात एका साध्या व्यापारी यानाचा आराखडा आहे. त्या यानात अशा २०० खोल्यांएवढी जागा आहे. नव्या खेळाडूला वाटते, २०० टनांचे यान, म्हणजे २०० टन माल भरता येईल! परंतु हिशेब मांडू लागताच त्याचा उत्साह ओसरू लागतो. यंत्रांना १५ टन जागा लागते. इंधनाच्या टाक्या ३० टन घेतात. नियंत्रणकक्षाला २० टन, संगणकाला १ टन आणि शस्त्रांच्या नियंत्रणासाठी २ टन जातात. माणसांसाठी दहा खोल्या, प्रत्येकी ४ टनांच्या. त्यांचे ४० टन झाले. ज्यांच्यापाशी भाड्याचे पुरेसे पैसे नाहीत, असे उतारू थंड पेट्यांत निद्रिस्त होऊन प्रवास करतात. त्यांतून जागे होताना जिवालाही धोका असतो. अशा वीस पेट्यांना १० टन लागतात. ही सारी बेरीज ११८ होते. मालासाठी उरतात अवघे ८२ टन.

या ८२ टनांवर चालक, यंत्रज्ञ, वैद्य आणि उतारूंची व्यवस्था पाहणारा कारभारी अशा चौघांचा निर्वाह चालावयाचा असतो. माल वाढवावा, तर खोल्या कमी होतात. इंधन अधिक घ्यावे, तर माल कमी होतो. शस्त्रे टाकून द्यावी, तर वाटेत चाचे गाठण्याची भीती! यानात काय असावे हे कोणीही सांगू शकेल. काय नसले तरी चालेल, हे ठरविताना मात्र बुद्धीची कसोटी लागते. कोकणच्या किनाऱ्यावर गलबत भरणाऱ्या तांडेलालाही हेच करावे लागे. पाण्याची पिंपे अधिक घेतली की नारळांची पोती कमी होत.

एका ताऱ्यापासून दुसऱ्या ताऱ्यापर्यंतचे अंतर फार प्रचंड आहे. प्रकाशालासुद्धा ते तोडावयास वर्षे लागतात. तेव्हा या खेळाने एक गोष्ट उघड उघड कल्पनेकडून उसनी घेतली आहे. ती म्हणजे 'उडी'. एका विशेष यंत्राच्या साहाय्याने यान सुमारे सव्वातीन प्रकाशवर्षांचे अंतर एका उडीत ओलांडते. असे यंत्र कोणाही शास्त्रज्ञाला ठाऊक नाही. परंतु या उसन्या कल्पनेवरही खेळाने भारी किंमत बसविली आहे. लहानात लहान उडीलाही यानाच्या एकंदर जागेचा दहावा हिस्सा इंधन लागते आणि त्या उडीत सुमारे एक आठवडा जातो. यानापेक्षा वेगाने जाणारा निरोपही नाही. त्यामुळे पत्रे यानातूनच न्यावी लागतात आणि शेजारच्या ताऱ्यावरची वार्ता आठवडाभर उशिरा कळते. शिडाच्या जहाजांच्या काळी जशी बंदराबंदरांतील माणसे समुद्राकडे डोळे लावून बसत, तशी या खेळातील माणसे आकाशाकडे डोळे लावून बसतात. एकच असत्य मागून घेतले. पण त्याचे परिणाम शेवटपर्यंत प्रामाणिकपणे पाळले. त्यामुळे ते असत्य खटकत नाही.

यानाच्या इतर हालचालींना मात्र निसर्गाचेच नियम लागू होतात. सायकल चालविणे थांबविले की काही वेळाने ती आपोआप थांबते. कारण रस्ता व वारा तिला अडवितात. अवकाशात अडविणारे कोणी नाही. एकदा वेग घेतलेले यान तसेच पुढे जात राहते. म्हणून अर्धी वाट वेग वाढवावयाचा, मग यान फिरवून शेपटी पुढे करावयाची आणि उरलेली अर्धी वाट वेग कमी करावयाचा, अशी रीत या खेळात आहे. पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाइतक्या जोराने यंत्र सतत चालले, तर या रीतीने चंद्रापर्यंतचे ३,८४,००० किलोमीटर अंतर सुमारे साडेतीन तासांत तोडता येईल. पण मध्यावर यान फिरविण्यास चालक विसरला, तर चंद्र जवळ येईल आणि यान थांबणार नाही!

प्रत्यक्षातील याने एवढी समर्थ नाहीत. 'अपोलो ११' हे यान १६ जुलै १९६९ रोजी निघाले, ते चंद्राजवळ पोचले १९ जुलैला. त्याला उचलणारा 'सॅटर्न ५' अग्निबाण सुमारे ११० मीटर उंच होता आणि त्याचे वजन सुमारे २,९०० टन होते. त्यातला सुमारे नऊ-दशांश भाग इंधन आणि ते जाळण्यासाठी लागणारा प्राणवायू यांचाच होता. तिघा अंतराळवीरांना घेऊन पृथ्वीवर परत आली ती सुमारे ५ टनांची एक लहानशी कुपी. अग्निबाणाला इंधन इतके का लागते, याचे गणित रशियातील एका शाळाशिक्षकाने १९०३ सालीच प्रसिद्ध केले होते. त्यांचे नाव कोन्स्तान्तिन त्सियोलकोव्हस्की. द्रवरूप हायड्रोजन हे अवकाशयानाचे उत्तम इंधन होईल, असे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवले होते. आणि 'सॅटर्न ५'च्या वरच्या दोन टप्प्यांत तेच इंधन वापरले गेले. त्सियोलकोव्हस्की यांचे यानही आरंभी कागदावरचेच होते. हिशेब खरा होता, म्हणून ते कागदावरून उठू शकले.

उष्णतेचा प्रश्नही असाच सहज विसरला जातो. अवकाश थंड, तेव्हा यान आपोआप थंड राहील, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु थर्मासच्या दोन भिंतींमधील पोकळी जशी चहाची उष्णता बाहेर जाऊ देत नाही, तशीच अवकाशाची पोकळी यानाची उष्णता सहजी जाऊ देत नाही. ती केवळ किरणांच्या रूपानेच बाहेर पडते. त्यासाठी रुंद पत्रे पसरून ठेवावे लागतात. आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकाला असे मोठे पांढरे पत्रे बसविलेले आहेत. १९६८ सालच्या '२००१ : ए स्पेस ओडिसी' या चित्रपटातील 'डिस्कव्हरी' यानासाठीही प्रथम असे पत्रे योजले होते, पण प्रेक्षक त्यांना विमानाचे पंख समजतील, म्हणून ते गाळण्यात आले. वर सांगितलेल्या २०० टनांच्या हिशेबातही या पत्र्यांचा उल्लेख नाही. चांगला खेळाडू अशी उणीव शोधून काढतो आणि आपल्या आराखड्यात ती भरून काढतो.

एवढी काटेकोर दृष्टी कशासाठी, असे कोणास वाटेल. त्याचे उत्तर 'अपोलो १३' या यानाच्या कथेत आहे. एप्रिल १९७० मध्ये ते चंद्राकडे जात असता त्याची प्राणवायूची एक टाकी फुटली. मुख्य यान निकामी झाले. चंद्रावर उतरण्यासाठी जोडलेल्या लहान यानाचा आसरा तिघा अंतराळवीरांनी घेतला; पण ते दोघांसाठी व दोन दिवसांपुरतेच बांधलेले होते. माणसाच्या उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड वायू त्यात साठू लागला. तो शोषून घेणारे डबे मुख्य यानात शिल्लक होते. परंतु ते चौकोनी होते, आणि लहान यानातील जागा होती गोल! पृथ्वीवरील तंत्रज्ञांनी यानात काय काय वस्तू आहेत याची यादी समोर ठेवली आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, नळी व चिकटपट्टी यांच्या साहाय्याने चौकोनी डबा बसविण्याची युक्ती शोधली. ती त्यांनी शब्दांनी समजावून सांगितली आणि अंतराळवीरांनी ती हातांनी करून पाहिली. १७ एप्रिल रोजी तिघेही सुखरूप परतले.

चौकोनी डबा आणि गोल जागा, एवढीशी विसंगती. आराखडा काढला जात असताना "हे दोन्ही डबे एकसारखे का नसावेत?" असा प्रश्न कोणी विचारला असता, तर तिघांच्या प्राणांवर तो प्रसंग आला नसता. पंच खेळात असेच प्रश्न विचारीत असतो. टाकी फुटली तर काय कराल? वैद्य आजारी पडला तर पेट्यांतील उतारूंना कोण जागे करील? अशा वेळी "आमचे यान तसेच आहे" हे उत्तर चालत नाही. खेळाडू आराखड्यावर बोट ठेवून सांगतो, "येथे दुसरी टाकी आहे, तिच्यासाठी आम्ही दोन खोल्या कमी केल्या आहेत." ते ऐकून पंच मान डोलावितो आणि खेळ पुढे चालू होतो.

स्वाध्याय

१. "काय नसले तरी चालेल, हे ठरविताना बुद्धीची कसोटी लागते." पाठातील उदाहरणे देऊन हे विधान स्पष्ट करा.

२. 'उडी' ही कल्पना असूनही ती खटकत नाही, असे पाठात का म्हटले आहे?

३. पाठातील व्यापारी यानाला वाटेत इंधन न घेता लागोपाठ दोन उड्या मारावयाच्या आहेत. उडीसाठी आणखी किती टन इंधन लागेल? ती जागा मालातून काढल्यास मालासाठी किती टन उरतील?

४. 'अपोलो १३'ची कथा आपल्या शब्दांत लिहा.

५. १०० टनांच्या एका यानाचा आराखडा कागदावर काढा. यंत्रे, इंधन, माणसे, हवा, पाणी आणि माल यांना किती जागा द्याल ते लिहा. मग तो शेजारच्या विद्यार्थ्याला दाखवून त्याला पाच प्रश्न विचारण्यास सांगा.