माणसं पितात ते पाणी

तीन वेळा सांगितलं होतं मी त्या दुकानदाराला, की आरओ प्यायच्या पाण्यासाठी नको, झिंग्यांच्या टाकीसाठी हवाय. तिन्ही वेळा तो माझ्याऐवजी ह्यांच्याशी बोलत राहिला. ह्यांना टाकीतलं काडीचं कळत नाही, पण मान डोलवायला काय जातं!

पुण्यात आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी, मार्चपासून टँकर. टीडीएस 780. माझ्या क्रिस्टल रेड झिंग्यांना शंभर ते दीडशे लागतो आणि केएच, म्हणजे कार्बोनेटचा कठीणपणा, जवळजवळ शून्य, त्यामुळे आरओशिवाय इलाज नव्हता. दुकानदाराने काळ्या काचेचं, निळा दिवा लागणारं, चांगलं पितळी गणपतीशेजारी शोभेल असं कपाट गळ्यात मारलं. वर म्हणाला, "काकू, मिनरल कार्ट्रिज आपल्याकडून फ्री." बिलावरही तेवढंच लिहिलंय. बिल अजून आहे माझ्याकडे.

नळातून 95 टीडीएसचं पाणी आलं. मी खूश. त्यात झिंग्यांचे क्षार घालून 130 वर आणलं, टाकीतलं पाणी थोडंथोडं बदलत गेले. पहिल्या आठवड्यात दोन गेले. कात टाकताना जातात कधीकधी, म्हणून सोडून दिलं. मग जवळजवळ रोज एक. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, पंखा लावून तापमान 24. काही सापडेना म्हणून मी कोणीही करेल तेच केलं, पाणी जास्त बदलायला लागले. म्हणजे मीच रोज बादलीने विष ओतत होते.

महिन्याने फ्री सर्व्हिसचा मुलगा आला. मी चिमट्यात अठरावा झिंगा धरून उभी होते. लाल-पांढरे पट्टे जाऊन सगळा उकडल्यासारखा गुलाबी झालेला. त्या मुलाने कपाट उघडलं, शेवटच्या कार्ट्रिजवर टिचकी मारली आणि कौतुकाने म्हणाला, "ह्यातनं तांबं उतरतं बघा पाण्यात, ताई. तब्येतीला एक नंबर."

तांबं! मासे पाळणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा, झिंगे असतील तर तांबं असलेलं औषधसुद्धा टाकीत घालत नाहीत. गंमत बघा, झिंग्याचं रक्त तांब्यामुळेच निळसर असतं, पण पाण्यात जरासं जास्त उतरलं की तो टिकत नाही. मी तिथल्या तिथे दुकानात फोन लावला. "काकू, माणसं पितात ते पाणी. झिंग्याला काय होतंय?" हे पहिलं वाक्य. दुसरं, "एवढे मेले असतील तर कालवण करा." बावीसातले चार उरले होते माझे, आणि ह्याला कालवण सुचतंय.

तर ज्यांना टाकीसाठी आरओ घ्यायचाय त्यांनी ऐका. टीडीएसचं पेन पाण्यात एकूण किती विरघळलंय याचा अंदाज देतं, काय विरघळलंय ते नाही. माझ्या 95 मध्ये तांबं होतं हे त्या पेनाला कळणं शक्यच नव्हतं. खरं तर तो आकडा पाहूनच मला शंका यायला हवी होती. चांगली मेम्ब्रेन क्षारांतले 95 टक्के अडवते, म्हणजे 780 चे चाळीसच्या आसपास उरायला हवेत. उरलेले कुठून आले? कपाटात मागे एक बारीक स्क्रू असतो, त्याला टीडीएस कंट्रोलर म्हणतात. तो कच्चं पाणी परत शुद्ध पाण्यात मिसळतो, चव यावी म्हणून. तो पूर्ण बंद केला आणि तांब्याचं नळकांडं काढून फेकलं, तेव्हा पेनावर 41 आले.

त्यामुळे कपाट घेऊच नका. सेडिमेंट, कार्बन, मेम्ब्रेन आणि पंप, एवढी उघडी जोडणी पुरे, स्वस्तही पडते. घरात आधीच कपाट असेल तर मेम्ब्रेनमधून शुद्ध पाण्याची नळी निघते तिथेच टी बसवून टाकीचं पाणी वेगळं काढा. पुढे मिनरल, तांबं, सोनं, काय लावायचं ते लावू दे त्यांना. कार्बन वेळेवर बदला, क्लोरीन मेम्ब्रेन खाऊन टाकतं. नवीन मेम्ब्रेनचं पहिल्या तास-दोन तासांचं पाणी टाकीत नको. रोजचंसुद्धा पहिले एक-दोन लिटर सोडून द्या, रात्रभर थांबलेल्या पाण्याचा टीडीएस चढलेला असतो.

वेस्टच्या नळीला हात लावू नका. एका लिटरमागे तीन लिटर वाया जातं हे बघून ह्यांनी पाणी वाचवायला त्या नळीला कपड्यांचा चिमटा लावला होता! बोअरच्या पाण्यात असं केलं की मेम्ब्रेनवर क्षार बसून ती चोंदते. ते पाणी फरशी पुसायला, संडासला वापरा. झाडांना नको, त्याचा टीडीएस हजाराच्या वर असतो.

क्षार बादलीत विरघळवून मगच टाकीत. कोरडे टाकू नका, पाणी बदलताना नुसतं आरओचं पाणीही ओतू नका. बाकी बिल नीट वाचा, घाई करू नका, हे सगळेच सांगतात. मीही वाचलं होतं.

टाकीतली माती मी फेकून दिली, कारण ती तांबं धरून बसते. नवीन माती घालून, दीड महिना टाकी नुसत्या शेवाळावर ठेवून, मग ते चार परत सोडले. त्यातल्या एकीच्या पोटाखाली आता अंडी दिसतायत. आणि परवा दुकानातून मेसेज आलाय, कार्ट्रिज बदलायची वेळ झाली, एएमसी घेणार का?