‘गिव्ह अप’ : अर्थच्छटा आणि मराठी पर्याय

इंग्रजी क्रियापदापुढे ‘अप’, ‘आउट’, ‘ऑफ’ यांसारखा लघुशब्द आला की पुष्कळदा घटक शब्दांवरून सांगता न येणारा नवाच अर्थ सिद्ध होतो. परभाषकाला अशी क्रियापदे अवघड जातात, हे सॅम्युएल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच नमूद केले होते. त्यांच्यासाठी ‘फ्रेझल व्हर्ब’ ही संज्ञा लोगन पिअर्सॉल स्मिथने १९२५ मध्ये ‘वर्ड्स अँड इडियम्स’ या ग्रंथात योजली. प्रस्तुत लेखात या वर्गातील ‘गिव्ह अप’ या क्रियापदाचा भाषांतराच्या अंगाने विचार केला आहे.

‘अप’चा मूळ अर्थ ‘वर’ असा असला तरी येथे तो क्रियेची पूर्तता सुचवतो. ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाकणे, ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपवणे. ‘गिव्ह अप’चे प्रमुख उपयोग पुढीलप्रमाणे :

(१) सवय वा व्यवसाय सोडणे. ‘ही गेव्ह अप स्मोकिंग’. येथे पुढील क्रियावाचक शब्द ‘इंग’प्रत्ययान्तच असतो, ‘टू स्मोक’ अशी रचना होत नाही.
(२) प्रयत्न थांबवणे. ‘शी गेव्ह अप’. येथे कर्म नसते. मराठीत ‘तिने हात टेकले’.
(३) आपल्याकडील वस्तू दुसऱ्यास देणे. ‘ही गेव्ह अप हिज सीट’.
(४) स्वाधीन होणे. ‘ही गेव्ह हिमसेल्फ अप’.
(५) एखाद्याविषयीची आशा सोडणे. ‘दे गेव्ह अप ऑन हिम’.

कर्म सर्वनामरूप असल्यास ते मध्ये येते : ‘गिव्ह इट अप’, ‘गिव्ह अप इट’ असे होत नाही.

या सर्वांचा पर्याय म्हणून ‘सोडणे’ किंवा ‘सोडून देणे’ सहज सुचतो. ‘सोडून देणे’ यातही ‘देणे’ आहे, हे लक्षणीय होय. मात्र इंग्रजीत ‘देणे’ हे मुख्य क्रियापद असून पूर्णता ‘अप’ दाखवतो, तर मराठीत ‘सोडणे’ मुख्य असून ‘देणे’ सहायक होऊन पूर्णता दाखवते. त्यामुळे ‘जागा सोडून दिली’ या वाक्यात ती कोणाला मिळाली हे कळत नाही. तिसऱ्या उपयोगात घेणारा महत्त्वाचा असल्याने ‘आपली जागा दुसऱ्याला दिली’ असेच म्हणावे लागते.

‘सोडणे’ काही ठिकाणी अर्थाचा विपर्यासही करते. ‘गिव्ह अप अ रेझोल्यूशन’साठी ‘संकल्प सोडणे’ असे लिहिल्यास धर्मविधीच्या परिभाषेत नेमका उलट, म्हणजे संकल्पाचा उच्चार करण्याचा, अर्थ निघतो. ‘संकल्प सोडून देणे’ किंवा ‘संकल्पाचा त्याग करणे’ हे तेथे निःसंदिग्ध ठरते. तसेच ‘उपास सोडणे’ म्हणजे त्या दिवशीचा उपास फेडणे; ‘गिव्ह अप फास्टिंग’ म्हणजे ‘उपास करणे सोडणे’.

दानविधीत उदक सोडून दाता आपले स्वामित्व संपवतो. ‘पाणी सोडणे’ या वाक्प्रचारात ‘देणे’ आणि ‘सोडणे’ असे एकत्र आले आहेत, आणि त्या दृष्टीने तो ‘गिव्ह अप’च्या सर्वांत निकट जातो. परंतु आजच्या व्यवहारात ‘पैशांवर पाणी सोडले’ या प्रयोगातून दातृत्वापेक्षा नाइलाजच व्यक्त होतो. म्हणून ‘ही गेव्ह अप हिज क्लेम’ या वाक्यासाठी ‘हक्क सोडला’, ‘हक्काचा त्याग केला’ आणि ‘हक्कावर पाणी सोडले’ हे तीनही पर्याय संभवतात. पण त्यांतून तीन निरनिराळी माणसे उभी राहतात. पहिला पर्याय केवळ कृती नोंदवतो, दुसरा तिला नैतिक उंची देतो, तर तिसरा पराभव सूचित करतो.

त्याग आणि हार यांतील भेद इंग्रजी क्रियापद स्वतः सांगत नाही, संदर्भावर सोपवते. मराठी पर्याय निवडताना मात्र तो बहुधा सांगावाच लागतो. भाषांतरकाराने कोशातील पहिला प्रतिशब्द घेतला, तरी पात्राविषयीचा निवाडा त्याच्या हातून होऊन जातो. तो निवाडा मूळ कृतीच्या आधाराने, जाणीवपूर्वक व्हावा, हेच या क्रियापदाच्या अभ्यासाचे प्रयोजन होय.