काटा रुतल्यावर शरीरात काय होते?

बर्नाबी लेकच्या वाटेवर फिरताना किंवा परसात बागकाम करताना ब्लॅकबेरीचा काटा बोटात रुततो. दुसऱ्या दिवशी बोट लाल, गरम, सुजलेले आणि ठणकणारे! आपल्याला वाटते, हा सगळा जंतूंचा त्रास. खरे म्हणजे हा बराचसा आपल्याच शरीराने केलेला बंदोबस्त असतो.

जखम होताच रक्तातल्या बिंबिका जमून भोक बुजवतात. जवळच्या पेशी हिस्टामिनसारखी रसायने सोडतात. त्यामुळे रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून लाली आणि ऊब. त्यांतून पाणी पाझरते, म्हणून सूज. पाठोपाठ पांढऱ्या पेशी बाहेर पडून जंतूंना गिळतात. पू म्हणजे मुख्यतः या कामी आलेल्या पेशी. पायाला लागले की जांघेत अवधाण येते, तेही रोगाशी लढणाऱ्या ग्रंथी कामाला लागल्याचे लक्षण.

इल्या मेचनिकोव्ह यांनी १८८२ साली तारामाशाच्या अळीत काटा टोचला, तेव्हा त्याच्याभोवती पेशी गोळा झालेल्या त्यांना दिसल्या. त्यांचेच विद्यार्थी वाल्देमार हाफकिन. मुंबईत १८९६ साली प्लेग आला तेव्हा त्यांनी मारलेल्या जंतूंपासून लस केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. मेलेले जंतू दाखवूनही शरीराला शत्रूची ओळख पटवता येते, हे त्यामागचे तत्त्व. त्याच साथीत रुग्णसेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. परळच्या संस्थेला १९२५ पासून हाफकिन यांचे नाव आहे.

मात्र हा बंदोबस्त कधी हाताबाहेर जातो आणि आपल्याच अवयवांना इजा करतो. त्याला सेप्सिस म्हणतात. हुडहुडी भरून ताप, धाप लागणे, लघवी कमी होणे, असंबद्ध बोलणे अशी लक्षणे दिसली तर लगेच ९११ ला फोन करा. म्हाताऱ्या माणसांना कधी ताप येतही नाही, हे लक्षात ठेवा. जखमेपासून वर लाल रेघ चढू लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. शंका असल्यास ८११ वर नर्सशी बोलता येते, दुभाषाही मागता येतो.

आपल्याकडे "हळद लावू, उद्या बघू" म्हणायची सवय. भारतातून आलेले आई-बाबा तर इथल्या खर्चाच्या धास्तीने दुखणे अंगावर काढतात. त्यांना हे जरूर वाचून दाखवा. आणि धनुर्वाताची लस दर १० वर्षांनी घ्यायची असते. आपण शेवटची कधी घेतली, आठवते का?