उभ्या गाडीचे तेलही म्हातारे होते



हंगाम जवळ आला की ट्रॅक्टरची देखभाल सगळेच करतात. ट्रॅक्टरला तासांचे मीटर असते. तास भरले की तेल बदलायचे, हे आता पोराटोरांनाही ठाऊक झाले आहे. पण घरापुढच्या शेडमध्ये चारचाकी उभी असते, तिच्याकडे कोण बघतो? लग्नकार्य, आठवड्याचा बाजार नाहीतर दवाखाना, एवढ्यापुरतीच ती बाहेर निघते. तिच्या तेलाचा विषय काढला की सभासद आम्हाला हमखास म्हणतात, "सायेब, गाडी उभीच हाय की! चाललीच न्हाई तर त्याल कशाला बदलायचं?"

प्रश्न रास्त आहे, पण उत्तर उलटे आहे. तोडलेला ऊस फडात पडून राहिला आणि गव्हाणीत गेला नाही, म्हणून तो ताजा राहतो का? वजन घटते, साखर उतरते, नुकसान व्हायचे ते होतेच. इंजिनात एकदा ओतलेल्या तेलाचेही तसेच आहे. ते किलोमीटरने झिजते आणि दिवसांनीही झिजते. किंबहुना जवळच्या जवळ, थोडी थोडी चालणारी गाडी तेलाला जास्त वाईट.

कारण समजून घेऊ. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी तयार होते. ऐकायला नवल वाटेल, पण थंडीच्या दिवसांत सकाळी गाडी सुरू केल्यावर सायलेन्सरमधून थेंब गळतात, ते हेच पाणी. बहुतेक पाणी वाफ होऊन सायलेन्सरवाटे बाहेर जाते. थोडी वाफ मात्र पिस्टनच्या रिंगांजवळून खाली तेलाच्या टाकीत उतरते. इंजिन चांगले तापलेले असेल तर ती तिथूनही निघून जाते. इंजिन थंड असेल तर तिचे पाणी होऊन तेलात मिसळते. त्याच्या जोडीला न जळलेले पेट्रोलही उतरते आणि जळणातून तयार झालेले आम्लही. तेलात हे आम्ल मारणारी औषधे कंपनीने घातलेली असतात, पण ती संपत जातात. मग तेलाचा चिखल होतो आणि बेअरिंगला गंज लागायला सुरुवात होते.

आता हिशेब करू. गाव ते पेठ ४ किलोमीटर. आठवड्यातून दोन फेऱ्या म्हणजे जाऊन-येऊन १६ किलोमीटर. वर्षाला झाले ८३२. "दहा हजारांवर तेल बदलू" असे म्हणून बसलो, तर तेल बदलायला १२ वर्षे लागतील! आणि त्या १२ वर्षांत इंजिन एकदाही धड तापलेले नसेल.

काही सभासद काळजीने रोज सकाळी गाडी सुरू करतात, पाच मिनिटे जागेवर घुरघुरवतात आणि बंद करतात. हेतू चांगला, परिणाम वाईट. पाणी तयार होते, पण उडून जाण्याइतकी उष्णता येत नाही. रोज थोडे पाणी आपणच आपल्या हाताने तेलात घालतो. काचेमागचा उष्णतेचा काटा वर चढला तरी फसू नये. तो इंजिनातल्या पाण्याची उष्णता दाखवतो. तेल तापायला त्याहून जास्त वेळ लागतो.

आमचाच अनुभव सांगतो, म्हणजे दुसऱ्याला नावे ठेवल्यासारखे होणार नाही. आमच्या घरची गाडी अशीच कमी चालायची. चार वर्षे तेल तेच. एका रात्री सुनेला दवाखान्यात न्यायचे होते. गावाबाहेर पडलो आणि तेलाचा लाल दिवा लागला. इंजिन बंद केले, शेजाऱ्यांची जीप मागवली, वेळेवर पोहोचलो म्हणून निभावले. दुसऱ्या दिवशी तेल ओतायचे झाकण उघडले तर आतून पांढरट, लोण्यासारखा थर. खालच्या गाळणीत चिखल बसून तेलाचा दाब पडला होता. तेल आणि फिल्टरचे पैसे वाचवले होते, त्याच्या कितीतरी पट इंजिन खोलण्यात गेले. लाल दिवा लागल्यावर "एवढे गाव गाठू" म्हणून गाडी रेटली असती, तर इंजिनच जाम झाले असते.

म्हणून खालील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१) गाडी कितीही कमी चालो, वर्षातून एकदा तेल आणि फिल्टर बदलावा. गाडीच्या पुस्तकात "इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी होईल ते" असे लिहिलेले असते. आपल्याला लागू पडते ती महिन्यांची मुदत. काही गाड्यांच्या पुस्तकात ती दोन वर्षांची असते. तिथे पुस्तकाचे ऐकावे.

२) सगळ्या फेऱ्या चार-पाच किलोमीटरच्याच असतील, तर पुस्तकातला कठीण वापराचा तक्ता पाहावा. त्यात मुदत कमी दिलेली असते. तक्ता नसेल तर सहा महिन्यांनी बदललेले बरे.

३) पंधरा दिवसांतून एकदा गाडी अर्धा तास, वीसेक किलोमीटर, सलग चालवावी. जागेवर सुरू ठेवणे म्हणजे चालवणे नव्हे. मात्र अशा फेरीने तेल नवे होत नाही. वर्षाची मुदत पाळायचीच.

४) गाडी तीन-चार महिने उभी ठेवायची असेल, तर तेल आधी बदलून मग उभी करावी. जुने आम्लाचे तेल बेअरिंगवर मुरत ठेवू नये.

५) रंगावर जाऊ नये. डिझेल गाडीचे नवे तेल थोड्याच दिवसांत काळे पडते, त्यात बिघाड नाही. पेट्रोल गाडीचे तेल पिवळे दिसले तरी त्यातली औषधे संपलेली असू शकतात.

६) तेल मोजायची काडी महिन्यातून एकदा काढून पाहावी. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून थोडा वेळ गेल्यावर. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी.

७) तेल गरम असताना सोडावे, म्हणजे गाळही निघतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये.

डिझेल गाडीवाल्यांना एक जादा सूचना. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. त्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरणारी जाळी असते. मेकॅनिक तिला डीपीएफ म्हणतात. ती काजळी जाळण्यासाठी इंजिन मधून मधून जादा डिझेल सोडते. हे काम अर्ध्यात असताना गाडी बंद झाली, की ते डिझेल तेलात उतरते. मग काडीवर तेल वरच्या खुणेच्याही वर दिसते. तेल वाढले म्हणून खूष होऊ नये. ते पातळ झालेले असते, लगेच बदलावे. या गाड्यांना राख कमी सोडणारे तेल लागते, म्हणून पुस्तकात लिहिलेलेच घ्यावे.

पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असते आणि त्यातले काही आपल्याच उसाचे. ते पाणी धरून ठेवते हे खरे. पण इंजिन नीट तापले की तेलात उतरलेले इथेनॉल पाण्याबरोबर उडून जाते. तेव्हा दोष थंड इंजिनाच्या फेऱ्यांना द्यावा.

सोडलेले तेल बांधावर, ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. ते पाणी आपल्यालाच प्यायचे आहे. डब्यात भरून, जुने तेल पुनर्वापराला पाठवणाऱ्या गॅरेजला द्यावे.

राहता राहिला प्रश्न तारीख लक्षात ठेवण्याचा. दसऱ्याला आपण गाडी धुऊन झेंडूचा हार घालतो. पावसाळ्याची दमट हवा तेव्हा सरत आलेली असते. त्याच आठवड्यात तेल बदलावे आणि तारीख व किलोमीटर लिहून चिठ्ठी दाराच्या आत चिकटवावी. दर दसऱ्याला हार आणि तेल, दोन्ही नवे. मग रात्री-अपरात्री किल्ली फिरवायची वेळ आली, तर गाडी दगा देणार नाही.